रोजा कोणी तोडला

अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "बाई, तुमच्या नोकरीतले चार सुखद अनुभव लिहा. दिवाळीचा अंक आहे, वाचकाला बरं वाटलं पाहिजे." मी बसून आठवले. सुखद म्हणता येतील असे दोन-तीन निघाले, ते पहिल्या पानातच संपतात. उरलेल्या जागेत जो लिहिते आहे तो सुखद नाही. पण इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातून न गेलेला तेवढा एकच आहे, त्यामुळे संपादकांनी समजून घ्यावं.

मी विशेष शिक्षिका. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत फिरते. ज्या मुलांना वर्गात इतरांबरोबर शिकणं जमत नाही त्यांना शाळेत जाऊन, आणि ज्यांना शाळेपर्यंत येणंच जमत नाही त्यांना घरी जाऊन शिकवायचं, हे माझं काम. नोकरी कंत्राटी. गाडी नाही. एसटी जिथपर्यंत जाते तिथपर्यंत एसटी, पुढे पाय. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर जाताना कुत्री आधी भेटतात, माणसं नंतर.

काय शिकवता, असं लोक विचारतात. शर्ट घालायला शिकवते, जेवायला शिकवते, संडासला पाणी ओतायला शिकवते. पोलादपूरकडच्या एका बापाने मला तोंडावर विचारलं होतं, "शर्ट घालायला शिकवायचा पगार देतंय सरकार?" म्हटलं, "देतंय, पण वेळेवर देत नाही." तो हसला आणि चहा सांगितला. त्याचा मुलगा शर्ट घालायला शिकला, हा एक सुखद अनुभव.

आमच्या कामाची एक युक्ती आहे, ती सांगते, कारण पुढे लागणार आहे. कोणतंही काम मुलाला शिकवायचं तर आधी त्याचे बारीक तुकडे पाडायचे. मग शिकवायला शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करायची. शर्टाची सगळी बटणं आपण लावायची, शेवटचं तेवढं मुलाला लावू द्यायचं. ते लागलं की काम पूर्ण. मुलाला वाटतं, शर्ट मीच घातला. मग शेवटची दोन, मग तीन. असं मागे मागे सरकत जायचं. यात गोम अशी की जो तुकडा सर्वांत आधी शिकवलेला असतो तो सर्वांत पक्का बसतो. मूल बाकी सगळं विसरेल, पण शेवट विसरणार नाही.

दुसरी गोष्ट देवाची. मी बौद्ध. आमच्या घरात नवस नाही, उतारा नाही, अंगारा नाही, आणि मला त्याची चीडच होती. पण या कामात एक लवकर कळलं. मी कुठल्याही घरी पोचते तेव्हा माझ्याआधी देव तिथे पोचलेला असतो. आईबापांनी त्याला विचारून झालेलं असतं, आणि त्याने काहीतरी उत्तर दिलेलं असतं. पोलादपूरकडे देवीला कौल लावतात. एका घरी देवीने सांगितलं होतं की पोर पुढच्या वर्षी बोलेल. मी जरा नाक मुरडलं तर त्या पोराची आई म्हणाली, "बाई, देवीनं निदान पुढचं वरीस तरी सांगितलं. डॉक्टर तेवढाबी बोलत नाय." 

आणखी एक आठवण हिरकणीवाडीची. तिथे गडावर येणाऱ्यांसाठी एका बाईचं ताकाचं दुकान. तिचा मुलगा डाऊन सिंड्रोमचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हा रोग नाही. पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात, त्यातल्या एकविसाव्या जोडीत एक जादा येतं. मूल सावकाश शिकतं, जीभ जड असते, चेहरा ओळखू येतो. तर या मुलाचा चेहरा बघून पुण्या-मुंबईच्या बायका त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घ्यायच्या. भोळा जीव, देवाचं रूप. आई एकीकडे गिऱ्हाईक करत असायची. ती म्हणायची, "दिलास आशीर्वाद? झाला? आता रवी धर." तो रवी धरायचा. त्या बाईला मी काही शिकवलं नाही. गरजच नव्हती.

आता नाझनीन.

सावित्रीच्या काठाला, तुडीलच्या अलीकडे, एका गावात जुबेदाभाभींचं घर. बाप कुवेतला. घरात सासू, जुबेदाभाभी, धाकटी जाऊ शमीम, आणि मुलं. नाझनीन शेंडेफळ, डाऊन सिंड्रोमची. सगळे नाझू म्हणायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती चांगली नऊएक वर्षांची होती आणि आई तिला घास भरवत होती. तोंड धुवायला आई, केस विंचरायला आई, चप्पल घालायला आई. मी म्हटलं, "भाभी, चप्पल तिला घालू द्या की."

"तिला माफ हाय, बाई."

"कसलं माफ?"

"सगळंच. नमाज माफ, रोजा माफ. अल्लाकडे तिचा हिशोबच नाय. ती सरळ जन्नतमध्ये जायची. जिला अल्लानं माफ केलंय तिच्याकडून तुम्ही चप्पल कशी काय घालून घेता?"

हे तिने भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. हसत, दुसरा घास करत म्हटलं. तिच्या श्रद्धेत ते तसं आहेही. ज्याची समज पुरी नाही त्याच्यावर नमाज-रोजाचं बंधन नाही. हा नियम दयेचा आहे, मला त्यावर काही म्हणायचं नाही. पण त्या घरात ती दया जाजमासारखी पसरली होती, पार चपलेपर्यंत. मजा अशी की शाळेतही तेच. परीक्षा माफ, गृहपाठ माफ, हजेरीला नाव घेतलं की बाकीची पोरं तिच्या वतीने "हजर" म्हणायची. देव असो की शाळा, नाझूकडे कोणी काही मागतच नव्हतं.

वर्षभर मी साबण आणि तांब्या घेऊन झगडले. तोंड धुण्याचे तुकडे पाडले, शेवटून सुरुवात केली, चित्रं लावली. नाझू माझ्याकडे प्रेमाने बघायची, साबण हुंगायची आणि परत द्यायची.

मग एका दुपारी मी तिच्या दादीशी बोलत मागच्या पडवीत बसले होते. अजान झाली. दादी उठली, चौथऱ्यावर बसून वजू करायला लागली. वजू म्हणजे नमाजआधीचं धुणं. आधी हात मनगटापर्यंत, मग चूळ, नाकात पाणी, चेहरा, कोपरापर्यंत हात, ओला हात डोक्यावरून, शेवटी पाय. ठरलेला क्रम, ठरलेल्या वेळा. नाझू तिच्या शेजारी जाऊन बसली आणि पाणी नसताना, रिकाम्या हातांनी, सगळं तसंच्या तसं करत गेली. दादीचा हात कोपरावर, तिचा कोपरावर. दादीने खाकरून चूळ टाकली, हीसुद्धा खाकरली.

मी म्हटलं, "दादी, हे तिला कोणी शिकवलं?"

"कोन शिकवतंय? बगते रोज. माकडासारखी नक्कल करते."

मी काय करते ते इतक्या वर्षांत कोणाला नीट सांगू शकले नव्हते, आणि इथे तेच काम तुकडे पाडून, क्रम लावून तयार होतं, तेही दिवसातून पाच वेळा सरावासकट. मी दुसऱ्या दिवशी माझी चित्रं उतरवली आणि नाझूच्या हातात दादीचा बदना दिला. बदना म्हणजे तोटीचा तांब्या. महिन्याभरात तोंड धुणं आलं. पुढे त्याच क्रमाच्या शेपटाला दात घासणं जोडलं, मग अंघोळ. "वजू मोठी" असं अंघोळीला नाव दिलं, तर ती आपली आपण न्हाणीत जायला लागली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. घरी माझ्या वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आता तू नमाज शिकवणार?" म्हटलं, "अंघोळ शिकवते. मध्ये काय काय येतं ते बघत नाही."

पण मध्ये जे आलं त्याने जुबेदाभाभी बदलली. वजू झाली की नाझू आईशेजारी चटई ओढून उभी राहायची. आई वाकली की वाकायची. शब्द येत नव्हते, ओठ हलायचे. आधी भाभी हसायची. मग हसणं थांबलं. एकदा मला म्हणाली, "बाई, सगळी म्हनतात तुमची पोर जन्नती. ऐकायला बरं वाटतं. पन जन्नतीला कोन बोलावत नाय, कोन इचारत नाय. लग्नात सगळ्या पोरींना मेहंदी लावतात, हिच्या हातावर एक टिकली काढतात आणि झालं, जा. माझ्या पोरीला कोनीतरी सांगावं ना, तू हे कर, हे तुझ्यावर हाय."

दरम्यान ती मोठी झाली. पाळी येणार होती, आणि आमच्या कामात सर्वांत आधी तयारी कशाची करायची असेल तर याची. अशा मुलींना कोणी सांगत नाही, त्या घाबरतात, लपवतात, आजारी पडतात. मी बाहुली, चड्डी, लाल रंग घेऊन शिकवलं. पॅड लावणं नंतर. पहिला धडा एकच. दिसलं की लगेच अम्मीला सांगायचं. लाजायचं नाही, थांबायचं नाही, कोणी असो नसो. तो धडा आम्ही घोटून घोटून घेतला. पाळी आली तेव्हा नाझू अंगणात भांडी घासणाऱ्या आईकडे धावत गेली आणि ओरडून म्हणाली, "अम्मी, लाल!" शेजारच्या बायका बघत राहिल्या. भाभीला लाज वाटली, पण मला फोनवर सांगताना आवाजात कौतुकही होतं.

पाळीत बायकांना नमाज नसते. भाभीने ते तिला सांगताना सोपा शब्द काढला: "आज सुट्टी." तुला सुट्टी, अम्मीला आली की अम्मीला सुट्टी, शमीमचाचीला आली की तिला. नाझूला हे फार आवडलं. घरात कोणी बाई नमाजला उठली नाही की ती बोट दाखवून "सुट्टी!" म्हणून हसायची, आणि शमीम तिला धपाटा घालायची. मीही हसले. तेव्हा मला वाटलं की या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा कशातून तरी इतर बायकांसारखी सूट मिळाली. आधीची सगळी तिच्या चेहऱ्यामुळे मिळालेली होती.

आणि मग तो रमजान आला. शमीमच्या धाकट्या मुलीचा पहिला रोजा झाला. मुलाचा पहिला रोजा म्हणजे घरचं कार्य. नवे कपडे, गळ्यात फुलांचा हार, संध्याकाळी नातेवाईक, शेजारी, आणि अजान झाली की सगळ्यांच्या आधी त्या मुलाच्या तोंडात खजूर. नाझूने तो हार तिच्या गळ्यातून काढून आपल्या गळ्यात घातला. सगळे हसले. "हिलापन हौस आलीय!" भाभी हसली नाही. पुढच्या वर्षी नाझूचा रोजा करायचा, असं तिने त्याच रात्री ठरवलं.

कुवेतहून नवरा म्हणाला, "तिला माफ हाय ना? मग लोकांना बोलावून हसू कशाला करून घेतेस?" मौलानांना विचारायला लावलं. त्यांनी सांगितलं, तिच्यावर बंधन नाही, पण तिला हौस असेल आणि अंगात ताकद असेल तर ठेवू दे, चांगलंच आहे. डॉक्टरांना मी विचारलं. थायरॉइडची गोळी पहाटे सहरीला, म्हणजे रोजाआधीच्या जेवणाला, द्या, एक दिवसाने काही होत नाही, चक्कर आली तर लगेच पाणी पाजा, असं ते म्हणाले. मग भाभी माझ्याकडे बघून म्हणाली, "आता शिकवा."

उपास शिकवायचा, हे मला कुठल्याच प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. पण तुकडे पाडून शेवटून सुरुवात करता येते, असं दिसलं. शेवटचा तुकडा म्हणजे ताटात खजूर समोर ठेवून अजान होईपर्यंत हात न लावणं. आम्ही तिथून सुरू केलं. पहिले काही दिवस ती अजानची "अ" यायच्या आत खजूर गिळायची. मग थांबायला शिकली. खजूर हातात धरून, डोळे मोठे करून, मशिदीच्या दिशेला कान. अजान झाली की "सोडला!" म्हणून ओरडायची. रोजा सोडायचा, हा तिचा आवडता शब्द झाला. मग दुपारच्या चहापासून थांबणं, मग जेवणापासून. मागे मागे सरकत आम्ही वर्षभरात सकाळपर्यंत पोचलो. पण सगळ्यांत पक्की होती ती अजानच्या आधीची वेळ. तेव्हा तिला कोणी जिलेबी दिली असती तरी तिने तोंड मिटून घेतलं असतं.

तारीखसुद्धा भाभीने विचार करून काढली. पाळीत रोजाही नसतो, म्हणून पाळी येऊन गेल्यावर आठवडाभराने. आता त्यात चूक व्हायचं कारण नव्हतं.

त्या दिवशी मी शेवटच्या एसटीची चिंता सोडून, मुक्कामाच्या तयारीने गेले. उकाडा मरणाचा. नाझूने दिवसभर पाणी मागितलं नव्हतं. दुपारी एकदा फ्रीज उघडून, थंड हवा घेऊन, परत बंद केला होता. हिरवा शरारा, गळ्यात मोगऱ्याचा हार. बायकांनी माजघर भरलेलं. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर कलिंगड, भजी, सांदणं, गुलाबी सरबत. ज्या बायकांनी आजवर तिला गालावर चापटी मारण्यापलीकडे काही केलं नव्हतं त्या तिला "रोजेदार" म्हणत होत्या. दादी तिला शेजारी घेऊन बसली होती. भाभीला मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तशी पाहिली नाही. ती नुसती ताटं इकडची तिकडे करत होती.

अजानला थोडा वेळ उरला असताना नाझू वजू करायला म्हणून मागे गेली. परत आली ती दारातच थांबली आणि भरल्या माजघरात, जसं मी शिकवलं होतं तसं, स्पष्ट आवाजात म्हणाली, "अम्मी, लाल!"

पाळी अशा मुलींत पुढे-मागे होते. झाली होती.

मला तोपर्यंत माहीत नव्हतं की पाळी मध्येच आली तर दिवसभर ठेवलेला रोजाही जातो, सूर्यास्ताला मिनिटं उरलेली असली तरी. बायकांच्या चेहऱ्यांवरून कळलं. शमीम चटकन उठली, जावेच्या कानाशी लागली, पण मी जवळच होते, मला ऐकू आलं. "राहू दे गो भाभी. अजान होतेच हाय. तिला तसंही माफ हाय. कोन बगतंय? बसव तिला, झाला रोजा म्हन."

चांगल्या मनाने म्हणाली ती. आणखी दोघीतिघींनी मान हलवली. दादीसुद्धा म्हणाली, "बसू दे पोरीला."

भाभी म्हणाली, "तुझा तुटला असता तर तू बसली असतीस?"

"माझं वेगळं."

"कसं वेगळं? वर्षभर मी हिला शिकवलं, हे तुझ्यावर हाय. आता मीच सांगू की नाटक व्हतं? बाकीच्या बायांचा तुटतो तसा माझ्या पोरीचा तुटला. ईद झाल्यावर ती कजा ठेवेल, सगळ्या ठेवतात तशी." कजा म्हणजे राहिलेला रोजा नंतर भरून काढायचा.

त्या माजघरात माझ्याइतकं कोणालाच ते पटलं नसेल.  जिला जगाने सगळं माफ केलं तिच्यासाठी एक आई भरल्या घरात नियम मागत होती. मला वाटलं, आमच्या सगळ्या नोकरीचं हेच तर सार आहे.

मग तिने नाझूला मागे नेलं, स्वच्छ केलं, परत आणून बसवलं, पाण्याचा पेला तिच्या तोंडाशी नेला आणि म्हणाली, "पी बेटा. रोजा तुटला."

नाझूने तोंड मिटलं. बोटाने मशिदीकडे दाखवलं. अजान नाही झाली.

"पी. तुटला तो."

"कोनी तोडला?"

ती गंमत करत नव्हती. त्या घरात तुटणं म्हणजे बशी तुटणं, बांगडी तुटणं. तुटलं की दादी विचारायची, कोणी तोडलं, आणि बहुतेक वेळा उत्तर नाझू असायचं. बायका बघत होत्या. भाभीने पेला ओठांना लावून तिरका केला. पाणी हनुवटीवरून हारावर सांडलं. थोडं आत गेलं. नाझूने आधी पेल्याकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे.

"मी तोडला?"

तेवढ्यात अजान झाली. सगळ्यांनी खजूर उचलले. तिने उचलला नाही.

मी या प्रसंगाकडे बाहेरून, धंदेवाईक नजरेने पुष्कळदा बघितलं आहे. अजानपर्यंत थांबणं हा तिचा सर्वांत आधी शिकलेला, सर्वांत पक्का तुकडा होता, आणि नेमका त्याच्यावर घाव बसला. आणि शब्द. भाभीच्या तोंडात "सुट्टी" हा शब्द रोजचा होता. तो त्या क्षणी आला असता, "नाझू, आज सुट्टी," तर ती हसली असती, शमीमकडे बोट दाखवून टाळी वाजवली असती, आणि ईदनंतर पुन्हा हार घालून बसली असती. पण नमाजची सुट्टी असते आणि रोजा तुटतो, असंच सगळ्या बोलतात. लहानपणापासून तोंडात बसलेला शब्द. भाभीने तोलून मापून बोलायची ती वेळ नव्हती.

ईद झाली. कजा रोजाची पहाट आली. नाझूला सहरीला उठवलं, ती उठली, जेवली, आणि उजाडताच पाणी प्यायली. मुद्दाम, आईसमोर. पुन्हा दुसऱ्या आठवड्यात तेच. मला बोलावलं. मी बाहुली घेतली, खजूर घेतला, सगळा तमाशा केला. "नाझू, तुटला नव्हता. सुट्टी झाली होती. अम्मीला होते तशी." ती माझं बोलणं शांतपणे ऐकायची. शेवटी म्हणायची, "नाय. तुटला."

त्याहून वाईट पुढे होतं. तिने पाळीचं सांगणं बंद केलं. सांगितलं की काहीतरी तुटतं, असा तिने अर्थ लावला असावा. चड्ड्या गादीखाली, पत्र्याच्या मागे. एकदा जंतुसंसर्ग होऊन महाडला दवाखान्यात चार दिवस ठेवावं लागलं. ज्या धड्याचा मला अभिमान होता तो पुन्हा पहिल्यापासून घ्यायला मला दोन वर्षं लागली, आणि अजून तो पहिल्यासारखा नाही. आता ती सांगते, पण कुजबुजत, आणि सांगताना हात पाठीमागे घेते.

वजू मात्र टिकली. अंघोळ, दात, केस, चप्पल, सगळं तिचं ती करते. आज ती बावीस वर्षांची आहे. दादी गेली. तिच्या शेवटच्या आजारपणात तिचं तोंड धुवायला नाझूच असायची, आणि क्रम चुकू द्यायची नाही. हे मोठं काम आहे, आमच्या हिशेबात फारच मोठं, आणि हा लेख मी त्या गोष्टीवर संपवला असता तर संपादक खूश झाले असते.

पण यंदाच्या रमजानमध्ये मी त्यांच्याकडे गेले होते. मांडणी नाझूने केली. प्रत्येकाच्या ताटात चमच्याने खजूर मोजून, सरबताचे पेले भरून. माझ्याही समोर ताट ठेवलं. मला रोजा नव्हता, मी सवयीने भजी उचलली, तर माझ्या मनगटावर फटका मारला. "अजान!" मी भजी खाली ठेवली. सगळ्यांच्या ताटांवर तिची नजर होती. स्वतःचं ताट नव्हतं.

भाभी तिच्याकडे बघत होती. ती थकली आहे आता, साखर वाढली आहे, डोळ्यांना कमी दिसतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, त्या दिवशी मी गप बसले असते तर? दहा मिनटांची बात व्हती."

"तुम्ही बरोबर केलंत, भाभी."

"ते झालंच. बरोबर केलं. पन तिला काय दिलं मी?"

 मला अजूनही वाटतं की ती बरोबर होती. शमीमही बरोबर होती, आणि मी शिकवलं तेही बरोबर होतं. तिघींपैकी एकीचीही चूक सापडत नाही, आणि ज्याला चूक सापडत नाही त्याला दुरुस्तही करता येत नाही, हे मला कळायला नोकरी संपत आली.

अजान झाली. "सोडला!" असं आता कोणी ओरडत नाही. सगळ्यांनी खजूर तोंडात टाकले. भाभीने आपला खजूर मोडला, बी काढली, अर्धा भाग नाझूपुढे धरला. "घे गो. आता अजान झाली. घे, काय होत नाय."

नाझूने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तू खा, अम्मी," ती म्हणाली. "मी हात नाय लावत."